कुटुंबवैद्यक प्रशिक्षणार्थींच्या परीक्षा-यशाचे पूर्वानुमान

कुटुंबवैद्यक प्रशिक्षणार्थींच्या परीक्षा-यशाचे पूर्वानुमान हा वैद्यकीय शिक्षण आणि शैक्षणिक मापन या दोन शास्त्रांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. सामान्य वैद्यकीय व्यवसायाचे (जनरल प्रॅक्टिस) किंवा कुटुंबवैद्यकाचे (फॅमिली मेडिसिन) पदव्युत्तर प्रशिक्षण घेणारा डॉक्टर अखेरच्या परीक्षेत उत्तीर्ण होईल की नाही, याचा अंदाज प्रवेशाच्या वेळी किंवा प्रशिक्षणाच्या सुरुवातीला उपलब्ध असलेल्या माहितीवरून कितपत बांधता येतो, हा या विषयाचा मुख्य प्रश्न होय. यावरील बहुतांश संशोधन ब्रिटनमध्ये झाले आहे. कारण तेथे कुटुंबाचा डॉक्टर म्हणून काम करण्यासाठी ही परीक्षा सक्तीची असून, प्रवेशापासून परवान्यापर्यंतच्या गुणांची नोंद एकत्र जोडता येते. भारतीय वाचकाचा या संशोधनाशी थेट संबंध आहे. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेणाऱ्या परदेशी पदवीधरांत भारतीय डॉक्टरांची संख्या मोठी आहे आणि या विषयातील सर्वांत गाजलेला वाद त्यांच्याच अपयशावरून उभा राहिला.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात 'पॅनल डॉक्टर' हा शब्द कामगार वस्त्यांमध्ये अनेक वर्षे रूढ आहे. कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ साली संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे या योजनेचा प्रारंभ झाला. पुढे योजना महाराष्ट्रात आली, तेव्हा विमाधारक कामगारांवर प्राथमिक उपचार करण्यासाठी खाजगी डॉक्टरांना पॅनलवर घेण्याची पद्धत अवलंबली गेली. ही कल्पना आणि हा शब्द दोन्ही ब्रिटनच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यातील पॅनल पद्धतीशी नाते सांगतात. पुण्यातील बिबवेवाडी येथे याच योजनेचे रुग्णालय आहे. मात्र दोन्ही देशांतील पुढचा प्रवास वेगळ्या दिशांनी झाला. ब्रिटनमध्ये पॅनलचा डॉक्टर हळूहळू स्वतंत्र विशेषज्ञ बनला. भारतात तो एमबीबीएस पदवीनंतर थेट दवाखाना थाटणारा डॉक्टरच राहिला.

ब्रिटनमध्ये सामान्य व्यावसायिकांचे महाविद्यालय (पुढे 'रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स') १९५२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या सदस्यत्वाची परीक्षा, म्हणजे एमआरसीजीपी, १९६५ मध्ये सुरू झाली. प्रारंभी ती ऐच्छिक होती. २००७ पासून तिचे स्वरूप बदलले आणि कुटुंबाचा डॉक्टर म्हणून स्वतंत्रपणे काम करण्यासाठी ती उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. सन्मानाची परीक्षा परवान्याची परीक्षा झाली, तेव्हाच तिच्यातील अपयशाचे पूर्वानुमान हा गंभीर प्रश्न बनला. ऐच्छिक परीक्षेत नापास झालेला डॉक्टर आपला दवाखाना चालवत राहू शकत असे. २००७ नंतर नापास होणाऱ्याला सर्वसाधारणपणे चार प्रयत्नांनंतर प्रशिक्षणच सोडावे लागे.

परीक्षेची रचना

पूर्वानुमान नेमके कशाचे करायचे, हे परीक्षेच्या रचनेवर अवलंबून असते. एमआरसीजीपीचे तीन घटक आहेत. पहिला घटक उपयोजित ज्ञानाची चाचणी (एकेटी) हा आहे. ही संगणकावर घेतली जाणारी, यंत्राने तपासली जाणारी परीक्षा असून दीर्घकाळ तिच्यात २०० प्रश्न होते. त्यांपैकी ८० टक्के प्रश्न रुग्णोपचारावर, तर उरलेले प्रश्न संशोधनाचे आकलन, संख्याशास्त्र आणि दवाखान्याचे व्यवस्थापन यांवर असत.

दुसरा घटक सल्लामसलतीची परीक्षा हा आहे. २००७ नंतर तिचे नाव 'क्लिनिकल स्किल्स असेसमेंट' (सीएसए) असे होते. उमेदवार एका खोलीत बसे आणि रुग्णांची भूमिका करणारे नट एकामागून एक आत येत. अशा १३ भेटी होत आणि प्रत्येकीला दहा मिनिटे मिळत. माहिती मिळवणे, उपचारांची दिशा ठरवणे आणि रुग्णाशी संवाद साधणे या तीन अंगांनी गुण दिले जात. कोविड साथीमुळे २०२० मध्ये ही पद्धत थांबली. त्यानंतर काही काळ उमेदवारांनी आपल्या खऱ्या रुग्णांशी झालेल्या भेटींचे ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण सादर केले. नोव्हेंबर २०२३ पासून 'सिम्युलेटेड कन्सल्टेशन असेसमेंट' (एससीए) ही परीक्षा दूरस्थ पद्धतीने घेतली जाते; तिच्यात १२ मिनिटांच्या १२ भेटी असतात.

तिसरा घटक कामाच्या ठिकाणी होणारे मूल्यमापन हा आहे. ते पर्यवेक्षक डॉक्टर वर्षभर करतात. या घटकात अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण कमी असल्याने त्याचे पूर्वानुमान करणे सांख्यिकीदृष्ट्या अवघड जाते, आणि संशोधकांचे लक्षही त्याकडे कमी गेले आहे. प्रत्यक्ष दवाखान्यातील वागणुकीच्या सर्वांत जवळ जाणारा घटक मात्र हाच आहे.

पूर्वानुमानाची साधने

आधीच्या परीक्षेतील गुण हे पुढच्या परीक्षेतील गुणांचे सर्वांत भरवशाचे पूर्वसूचक होत, हा या क्षेत्रातील सर्वांत स्थिर निष्कर्ष आहे. आय. सी. मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये शालेय परीक्षा, वैद्यकीय महाविद्यालयातील परीक्षा आणि पदव्युत्तर परीक्षा यांच्यातील सातत्य दाखवले आणि त्याला 'शैक्षणिक कणा' असे नाव दिले. शाळेत मिळवलेले ज्ञान आणि अभ्यासाची सवय पुढच्या प्रत्येक टप्प्याला आधार देते, असा या रूपकाचा आशय आहे.

कुटुंबवैद्यकाच्या प्रवेशासाठी ब्रिटनमध्ये दोन लेखी चाचण्या वापरात आल्या. एकीत रोगनिदान व उपचार यांविषयीचे प्रश्न असतात. दुसरी प्रसंगनिर्णय चाचणी होय. तिच्यात कामाच्या ठिकाणी उद्भवणारा पेचप्रसंग दिला जातो. उदाहरणार्थ, सहकारी डॉक्टर सतत उशिरा येतो, किंवा रुग्णाचा नातेवाईक गोपनीय माहिती मागतो. दिलेल्या पर्यायांचा योग्यतेनुसार क्रम लावणे किंवा त्यांतील योग्य पर्याय निवडणे अपेक्षित असते. आज या दोन्ही चाचण्या मिळून 'मल्टी-स्पेशालिटी रिक्रूटमेंट असेसमेंट' (एमएसआरए) बनते. पूर्वी या लेखी चाचण्यांनंतर निवड केंद्रात नटांबरोबर प्रात्यक्षिकही होत असे. कोविड काळापासून कुटुंबवैद्यकाची निवड केवळ एमएसआरएच्या गुणांवर होऊ लागली.

फियोना पॅटर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तीन अनुवर्ती अभ्यासांच्या आधारे या निवडपद्धतीची पूर्वकथनात्मक सप्रमाणता तपासली. निवडीच्या वेळचे गुण आणि प्रशिक्षणाअखेरची कामगिरी यांत धन सहसंबंध आढळला. ज्ञानाची चाचणी एकेटीचे पूर्वानुमान अधिक चांगले करते, तर प्रसंगनिर्णय चाचणी सल्लामसलतीच्या परीक्षेशी आणि पर्यवेक्षकांच्या मताशी तुलनेने अधिक जुळते, असे त्यातून दिसले. ज्ञानावरून ज्ञानाचा अंदाज येतो यात नवल नाही. परंतु माणसांशी कसे वागावे याविषयीच्या लेखी उत्तरांवरून दोन-तीन वर्षांनंतरच्या प्रत्यक्ष वागण्याचा काही अंदाज येतो, हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरला. प्रसंगनिर्णय चाचणीचा वापर इतर वैद्यकीय निवडींतही पसरण्यास अशा निष्कर्षांचा आधार मिळाला.

परदेशी पदवीधरांसाठी आणखी एक पूर्वसूचक उपलब्ध असतो. ब्रिटनमध्ये नोंदणी मिळवण्यासाठी त्यांच्यापैकी बहुतेकांना 'प्लॅब' ही परीक्षा द्यावी लागे. मॅकमॅनस आणि रिचर्ड वेकफर्ड यांनी २०१४ मध्ये प्लॅबचे गुण एमआरसीजीपीच्या गुणांशी जोडून पाहिले. प्लॅबमध्ये अधिक गुण मिळवणारे पुढेही अधिक गुण मिळवतात, मात्र प्लॅब उत्तीर्ण झालेल्या गटाची सरासरी ब्रिटिश पदवीधरांच्या सरासरीपेक्षा बरीच खाली राहते, असे त्यांना आढळले. दोन्ही गट समपातळीवर आणायचे असतील, तर प्लॅबची उत्तीर्णतेची मर्यादा वाढवावी लागेल, असे अनुमान त्यांनी मांडले. पुण्यातील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा धनकवडीच्या भारती विद्यापीठातून पदवी घेऊन ब्रिटनला जाऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने या अनुमानाचा अर्थ सरळ होता: दार अरुंद होणार होते.

आकडे कसे वाचावेत

या विषयावरील बातम्यांत आकड्यांचा विपर्यास वारंवार होतो. विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे तीन मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा सहसंबंध गुणांकाचा. प्रवेश परीक्षा आणि अंतिम परीक्षा यांच्यातील सहसंबंध ०.६ असेल, तर शैक्षणिक मापनात तो उत्तम समजला जातो. पण त्याचा वर्ग ०.३६ येतो. म्हणजे अंतिम गुणांतील चढउतारांपैकी ३६ टक्के भागच प्रवेशाच्या गुणांशी जुळतो. उरलेला ६४ टक्के भाग प्रशिक्षण, मार्गदर्शक, प्रकृती, घरची परिस्थिती, परीक्षेच्या दिवशीचा योगायोग आणि मापनातील त्रुटी यांच्याकडे जातो. शिवाय सहसंबंध केवळ निवडल्या गेलेल्या उमेदवारांत मोजता येतो. ज्यांना प्रवेशच मिळाला नाही, त्यांनी अंतिम परीक्षा दिलेली नसते. उंच माणसांच्याच संघात उंची आणि बास्केटबॉलमधील कौशल्य यांचा संबंध पुसट दिसावा, तसेच येथे घडते. या परिणामाला व्याप्ती-संकोच म्हणतात. त्यामुळे संशोधनात आढळलेला सहसंबंध खऱ्या संबंधापेक्षा सहसा कमी असतो.

दुसरा मुद्दा मूळ दराचा. समजा, १०० प्रशिक्षणार्थींपैकी २० जण नापास होणार आहेत. एखादी चाचणी त्या २० पैकी १४ जणांना आधीच ओळखते. मात्र उत्तीर्ण होणाऱ्या ८० पैकी २४ जणांनाही ती चुकून 'धोक्यात' ठरवते. म्हणजे एकूण ३८ जणांवर शिक्का बसतो आणि त्यांपैकी २४ जण, अर्थात निम्म्याहून अधिक, प्रत्यक्षात उत्तीर्ण होतात. दुसरीकडे, निर्धास्त ठरवलेल्या ६२ जणांपैकी ६ जण नापास होतात. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण खऱ्या चाचण्यांचे वर्तन याच धाटणीचे असते. अशा चाचणीवरून ३८ जणांना जादा शिकवणी दिली, तर नुकसान थोडे. त्यांना काढून टाकले, तर अन्याय मोठा.

तिसरा मुद्दा 'ऑड्स रेशो' या मापाचा. दैनंदिन भाषेतील शक्यता आणि संख्याशास्त्रातील 'ऑड्स' या वेगळ्या गोष्टी आहेत. शंभरांपैकी ५ नापास होत असतील, तर शक्यता ५ टक्के. ऑड्स मात्र ५ भागिले ९५. दुसऱ्या गटाचा ऑड्स रेशो १४.७ असेल, तर हिशेबाने त्या गटातील सुमारे ४४ टक्के नापास होतात. म्हणजे नापास होण्याची शक्यता पावणेनऊ पटींच्या आसपास येते, साडेचौदा पट नव्हे. फरक तरीही प्रचंड आहे. पण तो अचूक शब्दांत सांगणे आवश्यक असते, विशेषतः प्रकरण न्यायालयात जाणार असेल तेव्हा.

२०१३–१४ चा वाद

वरील १४.७ हा आकडा कल्पित नाही. अनीस इस्माईल आणि क्रिस रॉबर्ट्स यांनी २०१० ते २०१२ या काळातील एमआरसीजीपीच्या निकालांचे विश्लेषण करून २०१३ मध्ये ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. वय, लिंग आणि एकेटीमधील कामगिरी हे घटक हिशेबात धरूनही सीएसएच्या पहिल्या प्रयत्नात मोठी तफावत उरली. गोऱ्या ब्रिटिश पदवीधरांशी तुलना करता, ब्रिटनमध्येच शिकलेल्या अल्पसंख्याक वंशांच्या डॉक्टरांचा नापास होण्याचा ऑड्स रेशो ३.५ होता, परदेशात शिकलेल्या अल्पसंख्याक डॉक्टरांचा १४.७ होता. पक्षपाताची शक्यता फेटाळता येत नाही, असे लेखकांनी नमूद केले.

यांतील पहिला आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. परदेशातून आलेल्या डॉक्टरांच्या बाबतीत भाषा, वेगळे वैद्यकीय शिक्षण, अपरिचित आरोग्यव्यवस्था अशी कारणे पुढे करता येतात. ब्रिटनमध्येच जन्मलेल्या, तेथील शाळा-महाविद्यालयांत शिकलेल्या डॉक्टरांना ती लागू पडत नाहीत.

भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ब्रिटनमधील संघटना 'बापिओ' (ब्रिटिश असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियन ओरिजिन) हिने रॉयल कॉलेज आणि जनरल मेडिकल कौन्सिल यांच्याविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायमूर्ती मिटिंग यांनी निकाल दिला. परीक्षा कायदेशीर असून कॉलेजने भेदभावविरोधी कायद्याचा भंग केलेला नाही, असा निर्णय त्यांनी दिला. मात्र तफावत दूर करण्यासाठी कॉलेजने पावले उचलण्याची वेळ आली आहे असे बजावले आणि अर्जदारांच्या बाजूने हा नैतिक विजय असल्याचे म्हटले.

परीक्षक पक्षपाती होते काय, याचा स्वतंत्र तपासही झाला. परीक्षक आणि उमेदवार यांचे वंश व लिंग यांच्या जोड्या लावून पाहिल्या असता, परीक्षक आपल्यासारख्या उमेदवाराला लक्षणीय झुकते माप देतात असे आढळले नाही. तसेच एमआरसीजीपी आणि फिजिशियन होण्यासाठीची एमआरसीपी या दोन्ही परीक्षा देणाऱ्या २,२८४ उमेदवारांच्या अभ्यासात (२०१५) दोन्हींच्या गुणांत दृढ संबंध दिसला. यंत्राने तपासल्या जाणाऱ्या प्रश्नपत्रिकांतही वांशिक गटांमध्ये तफावत होती. यंत्राला उमेदवाराचा चेहरा दिसत नाही. त्यामुळे केवळ परीक्षकांच्या दुजाभावाने तफावत स्पष्ट होत नाही, असा युक्तिवाद करण्यात आला.

निरोशन सिरिवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०१६ ते २०२१ या काळातील निकाल तपासले. लिंग, पदवी घेतल्याचा देश, घोषित अपंगत्व आणि एमएसआरएचे गुण हिशेबात धरल्यावर वांशिकतेमुळे परवाना-परीक्षा उत्तीर्ण होण्याची शक्यता कमी होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष दिलासा देणारा असला, तरी तो काळजीपूर्वक वाचावा लागतो. प्रवेशाच्या गुणांचा हिशेब केल्यावर फरक नाहीसा होतो, याचा अर्थ फरक प्रवेशाच्या वेळीच अस्तित्वात असतो. प्रश्न सुटत नाही. तो तीन वर्षे मागे सरकतो.

भाषा आणि सल्लामसलत

ज्ञानाच्या परीक्षेचे पूर्वानुमान तुलनेने सोपे आहे. अडचण सल्लामसलतीच्या परीक्षेत येते. सेलिया रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी सीएसएच्या चित्रमुद्रणांचा भाषावैज्ञानिक अभ्यास केला. व्याकरण किंवा उच्चार यांपेक्षा संभाषणाची घडी बसवण्यात अधिक फरक पडतो, असे त्यातून पुढे आले. पाठ केलेले वाक्य नेमक्या जागी न पडणे, रुग्णाचे बोलणे मध्येच सैरभैर झाल्यास संभाषण पुन्हा मार्गावर न आणता येणे, आपण आता काय आणि का करणार आहोत हे रुग्णाला न सांगणे अशा गोष्टींवर गुण जातात.

मराठी वाचकास हा मुद्दा आपल्या परिसरातील उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. पुणे शहराच्या दक्षिण भागातील बिबवेवाडीत जुन्या गावठाणाभोवती गृहनिर्माण सोसायट्या, अप्पर इंदिरानगरसारखी दाट वस्ती आणि जवळच मार्केट यार्डातील घाऊक बाजार असे मिश्रण आहे. अशा ठिकाणच्या दवाखान्यात हमाली करणारा कामगार, भाजीचा गाळा चालवणारी बाई, निवृत्त कारकून आणि संगणक कंपनीतील तरुण एकाच सकाळी येऊ शकतात. 'अंगात कसकस आहे', 'उन्हाळे लागले', 'पोटात गोळा येतो', 'हातापायांना मुंग्या येतात', 'जीव घाबराघुबरा होतो' ही त्यांची भाषा असते. 'उन्हाळे लागले' म्हणजे लघवीला जळजळ होते, हे येथल्या डॉक्टरला विचारावे लागत नाही. वयस्क रुग्ण लेकाकडे किंवा सुनेकडे पाहून उत्तर देतो, आणि डॉक्टरही निम्मे बोलणे नातेवाइकाशी करतो. 'काय करायचं ते तुम्हीच ठरवा, डॉक्टर' असे म्हणणारा रुग्ण येथे विश्वास दाखवत असतो.

हीच सवय घेऊन ब्रिटनमधील परीक्षेला बसलेला डॉक्टर अडचणीत येतो. तेथे निर्णयात रुग्णाला सहभागी करून घेणे, त्याला कशाची भीती वाटते हे विचारणे, पर्याय समोर मांडणे हे गुणांकनाचे निकष आहेत. डॉक्टरने निर्णय स्वतः घेतला, तर बिबवेवाडीत तो जबाबदार समजला जाईल. परीक्षेत त्याचे गुण कमी होतील. म्हणजे सल्लामसलतीची परीक्षा वैद्यकीय कौशल्याबरोबरच एका विशिष्ट समाजातील डॉक्टर-रुग्ण नात्याची ओळखही मोजते. ज्या समाजात काम करायचे, तेथील रीत डॉक्टरला यावी ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ती न येणे म्हणजे डॉक्टर अकुशल असणे नव्हे, आणि प्लॅब किंवा एमएसआरए यांसारख्या चाचण्यांतून हा भेद पुरेसा दिसत नाही. ही रीत शिकता येते, शिकवता येते. म्हणूनच येथे पूर्वानुमानापेक्षा प्रशिक्षणाला अधिक वाव आहे.

पूर्वानुमानाचा उपयोग

एकाच आकड्याचे दोन उपयोग होऊ शकतात: उमेदवार गाळणे किंवा उमेदवाराला वेळीच मदत करणे. पहिल्या उपयोगात चुकीची किंमत उमेदवार मोजतो. दुसऱ्यात संस्था मोजते. समूहाविषयीचे विधान व्यक्तीवर लादणे हा दोन्हींतील समान धोका आहे. कमी गुणांच्या गटातील बहुसंख्य नापास होतात, यावरून समोर बसलेला डॉक्टर नापास होईल असे सिद्ध होत नाही.

शिक्क्याचाही परिणाम होतो. शिक्षकाच्या अपेक्षांचा विद्यार्थ्याच्या कामगिरीवर परिणाम होतो, असा दावा रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये शालेय मुलांवरील प्रयोगातून केला होता. त्या प्रयोगावर बरीच टीका झाली. परंतु पर्यवेक्षक आणि प्रशिक्षणार्थी यांच्या नात्याचे महत्त्व वैद्यकीय शिक्षणातील पुढील संशोधनानेही अधोरेखित केले आहे. पर्यवेक्षकाशी मोकळेपणाने बोलता न येणारा प्रशिक्षणार्थी आपल्या अडचणी लपवतो आणि त्या उशिरा, बहुधा परीक्षेतच, उघड होतात.

भारतातील स्थिती

भारतात कुटुंबाचा डॉक्टर होण्यासाठी पदव्युत्तर परीक्षा सक्तीची नाही. एमबीबीएस झालेला नोंदणीकृत डॉक्टर दवाखाना काढू शकतो, आणि महाराष्ट्राच्या शहरांतील गल्लीबोळांत आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांचे दवाखानेही मोठ्या संख्येने आहेत. कुटुंबवैद्यकाचे औपचारिक पदव्युत्तर शिक्षण प्रामुख्याने 'डिप्लोमेट ऑफ नॅशनल बोर्ड' (डीएनबी) या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातून मिळते. तो चालवणारे राष्ट्रीय परीक्षा मंडळ १९८२ पासून स्वायत्त आहे. या मंडळाने २०२० मध्ये कुटुंबवैद्यकासह आठ विषयांत दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रमही जाहीर केले. एमडी (फॅमिली मेडिसिन) हा अभ्यासक्रम केरळमधील कोझिकोड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने सुरू केला. तथापि देशात अशा जागा अल्प आहेत.

डीएनबीच्या अंतिम परीक्षेत प्रत्येकी १०० गुणांच्या चार लेखी प्रश्नपत्रिका असतात. त्यांत एकूण ४०० पैकी किमान २०० गुण मिळवणाऱ्यास प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येते. मधल्या काळात मंडळ घटक-मूल्यमापन चाचण्या घेते. त्या उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्यापेक्षा प्रशिक्षणार्थीला आपली तयारी कळावी यासाठी असतात, आणि पूर्वानुमानाच्या दृष्टीने त्याच सर्वांत उपयुक्त होत, कारण त्यांचा निकाल हाती येतो तेव्हा सुधारणेला वेळ उरलेला असतो.

प्रवेश मात्र 'नीट-पीजी' या एकाच परीक्षेवर होतो. तिच्यात २०० बहुपर्यायी प्रश्न असतात. अचूक उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असते. प्रसंगनिर्णय चाचणी नाही, रुग्णसंवादाची तपासणी नाही. गुणवत्ता यादीत वरच्या क्रमांकावरील उमेदवार बहुधा क्ष-किरणशास्त्र, मेडिसिन किंवा त्वचारोगशास्त्र निवडतात. कुटुंबवैद्यकाच्या जागा पुष्कळदा नंतरच्या फेऱ्यांत भरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्या वर्षीच्या नीट-पीजीची पात्रता मर्यादा सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. अशा व्यवस्थेत क्रमांकावरून पुढील यशाचा अंदाज बांधताना एक गफलत होते. खालच्या क्रमांकाचा अर्थ कमी ज्ञान असाही असू शकतो आणि विषय स्वेच्छेने न निवडणे असाही. अंतिम परीक्षेतील अपयशामागे यांपैकी कोणते कारण होते, हे क्रमांक सांगत नाही. याउलट, चांगला क्रमांक असूनही आवडीने हा विषय घेणारा डॉक्टर आकडेवारीत अपवाद म्हणून हरवून जातो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ नुसार 'नेक्स्ट' ही सामाईक परीक्षा एमबीबीएसची अंतिम परीक्षा, परवान्याची परीक्षा आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षा अशी तिहेरी भूमिका बजावणार आहे. जून २०२३ मध्ये तिची नियमावली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच महिन्यात परीक्षा पुढे ढकलण्यात आली. नियमावलीप्रमाणे दुसऱ्या टप्प्यात प्रात्यक्षिक आणि संवादकौशल्य तपासले जाणार असले, तरी त्याचा निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागेल. पदव्युत्तर प्रवेशाचा गुणानुक्रम पहिल्या, बहुपर्यायी प्रश्नांच्या टप्प्यावरूनच ठरेल.